रेडिओ लॉस सँटोस: दफ्तर की बखर?

या ब्लॉगवर विचारले जाणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. विषय कसा निवडायचा, सिनॉप्सिस किती पानांचा हवा, साधनं कुठे शोधायची. आज तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू, पण जरा वेगळ्या उदाहरणातून.

समजा, तुम्हाला १९९२ सालच्या लॉस एंजेलिसमधल्या हिप-हॉप रेडिओचा इतिहास लिहायचा आहे. त्या वर्षी त्या शहरात मोठी दंगल झाली आणि त्याच सुमाराला तिथलं रॅप संगीत अमेरिकाभर पोचलं. म्हणजे विषय वजनदार आहे. तुम्ही साधनं शोधायला निघता. वर्तमानपत्रं मिळतात, गाण्यांच्या रेकॉर्डी मिळतात, मुलाखती मिळतात. पण रेडिओवर प्रत्यक्ष काय वाजत होतं, निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये काय बोलत होता, जाहिराती कशाच्या होत्या, हे सलग ऐकायला मिळत नाही. रेडिओचं असंच असतं. बोललं, हवेत गेलं. स्टेशनं सगळं प्रसारण जपून ठेवत नसत. आज जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं कुणा श्रोत्याने घरी कॅसेटवर भरून ठेवलं म्हणून उरलंय.

अशा वेळी एखादा मित्र तुम्हाला सांगतो, की १९९२ चं तिथलं हिप-हॉप स्टेशन मला तोंडपाठ आहे. निवेदकासकट, जिंगलसकट. त्या स्टेशनचं नाव रेडिओ लॉस सँटोस. अडचण एकच, की असं स्टेशन कधी नव्हतंच. ते 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' या व्हिडिओ गेममध्ये आहे.

हसण्यावारी नेऊ नका. खऱ्या स्टेशनचं प्रसारण विरून गेलं आणि खोट्या स्टेशनची प्रत जगभरच्या लाखो घरांत पोचली. त्या काळातल्या लॉस एंजेलिसचा रेडिओ कसा होता, असं विचारलं तर आज अनेकांच्या कानात हेच वाजतं. मग हे साधन वापरायचं की नाही? वापरायचं तर कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर देताना साधनचिकित्सेचे जवळजवळ सगळे धडे होऊन जातात, म्हणून हा लेख.

आधी वस्तू नीट बघा

कुठल्याही साधनाची पहिली पायरी म्हणजे त्याचं वर्णन. मत नंतर. तर वस्तू अशी: 'सॅन अँड्रियास' हा गेम ऑक्टोबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि २००५ च्या जूनमध्ये कॉम्प्युटरवर. तो बनवला रॉकस्टार नॉर्थ या कंपनीने, जिचं ऑफिस स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला आहे. कथा घडते १९९२ साली, सॅन अँड्रियास नावाच्या काल्पनिक राज्यात. त्यातलं लॉस सँटोस शहर हे उघडउघड लॉस एंजेलिस आहे, आणि नायकाची वस्ती गँटन ही कॉम्प्टनवरून घेतलेली आहे. नायक कार्ल जॉन्सन आईच्या अंत्यसंस्कारासाठी पाच वर्षांनी गावी परततो, इथून गोष्ट सुरू होते.

गाडीत बसलं की रेडिओ लागतो. एकूण अकरा स्टेशनं. कंट्री वेगळं, रॉक वेगळं, रेगे वेगळं, नुसत्या गप्पांचं वेगळं. हिप-हॉपची दोन. त्यातलं 'प्लेबॅक एफएम' जुन्या, मुख्यतः न्यूयॉर्ककडच्या रॅपचं. त्याच्या निवेदकाला आवाज दिलाय पब्लिक एनिमी या गटाच्या चक डीने. दुसरं रेडिओ लॉस सँटोस, पश्चिम किनाऱ्यावरच्या गँगस्टा रॅपचं. त्यावर डॉ. ड्रे, आइस क्यूब, एन.डब्ल्यू.ए., टूपॅक, सायप्रस हिल, टू शॉर्ट, किड फ्रॉस्ट, कॉम्प्टन्स मोस्ट वाँटेड अशी मंडळी वाजतात.

एक तांत्रिक गोष्ट इथेच लक्षात घ्या, कारण संदर्भ देताना ती नडते. या मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये प्रत्येक स्टेशन म्हणजे एक लांबलचक फाइल असायची. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. 'सॅन अँड्रियास'मध्ये तुकडे केले. गाणं वेगळं, निवेदकाचं बोलणं वेगळं, जिंगल वेगळी, जाहिरात वेगळी. गेम हे तुकडे चालता चालता जोडतो, आणि कथेत तुम्ही कुठवर आलात त्यानुसार निवेदकाचं काही बोलणं बदलतं. म्हणजे तुम्ही ऐकलेला अर्धा तास आणि शेजाऱ्याने ऐकलेला अर्धा तास एकसारखे नसतात. 'मी अमुक प्रसारण ऐकलं' असा संदर्भ देताच येत नाही. तुकड्यांची यादी देता येते, क्रम देता येत नाही. लोकगीतांवर काम करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. ओव्या ठरलेल्या असतात, पण कोणत्या बाईने कोणती ओवी कुठे घातली हे त्या सकाळचं असतं.

मूळ कुठलं?

आता त्या स्टेशनचा निवेदक बघा. त्याचं नाव हुलिओ जी. आणि गंमत अशी, की हे पात्र नाही. गेममधल्या बाकीच्या बहुतेक स्टेशनांवर कुणीतरी नट किंवा गायक काल्पनिक निवेदकाचं सोंग घेतो. जॉर्ज क्लिंटनसारखा फंकचा मोठा माणूससुद्धा तिथे टोपणनावाने बोलतो. हुलिओ जी मात्र स्वतःच्या नावाने, स्वतः म्हणूनच बोलतो. तो लॉस एंजेलिसचा खरा रेडिओ डीजे.

कुठल्या स्टेशनचा? इथे तुम्हाला गेम बाजूला ठेवून खऱ्या इतिहासात जावं लागतं. स्टेशनचं नाव के-डे. एएम १५८०. साधारण १९८३ च्या सुमाराला ग्रेग मॅक नावाचा संगीत संचालक ह्यूस्टनहून तिथे आला आणि त्याने हळूहळू स्टेशनचा रोख रॅपकडे वळवला. संपूर्ण वेळ हिप-हॉप वाजवणारं अमेरिकेतलं पहिलं स्टेशन म्हणून के-डेचं नाव घेतलं जातं. त्या काळात संगीत ऐकणारा श्रोता एफएमकडे गेला होता, एएमचा आवाज त्यापुढे खरखरीत. पण एफएमवाले रॅपला उभं करत नव्हते, त्यामुळे पोरं खरखर सहन करून के-डे लावत.

स्टेशनने गाण्यांचं मिश्रण करणारे डीजे जमवले, त्यांना मिक्समास्टर्स म्हणत. टोनी जी आणि हुलिओ जी ही त्यातली गाजलेली नावं. आणि त्यांच्याही आधी, ट्रॅफिक जॅम नावाच्या कार्यक्रमासाठी मिक्स बनवून देणाऱ्यांत एक तरुण होता, डॉ. ड्रे. पुढे एन.डब्ल्यू.ए. मध्ये गेलेला, आणि रेडिओ लॉस सँटोसवरच्या बऱ्याच गाण्यांचा निर्माता असलेला तोच ड्रे. म्हणजे काल्पनिक स्टेशनची गाण्यांची यादी आणि त्याचा निवेदक, दोन्हींची मुळं एका खऱ्या स्टेशनात आहेत.

के-डे नुसतं गाणी वाजवत नव्हतं. ऑगस्ट १९८६ मध्ये लाँग बीच इथे रन-डीएमसी या गटाच्या कार्यक्रमात टोळ्यांची मोठी मारामारी झाली. त्यानंतर ऑक्टोबरात या स्टेशनने रन-डीएमसीलाच स्टुडिओत बोलावून टोळ्यांमध्ये शांतता व्हावी म्हणून फोनवरचा कार्यक्रम केला. हा तपशील डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मार्च १९९१

आता तारखा मांडून बघा. तारखा एका ओळीत मांडणं हे आपल्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं काम आहे.

३ मार्च १९९१: लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारलं. समोरच्या इमारतीतून कुणीतरी त्याचं चित्रण केलं.

१६ मार्च १९९१: लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची काळी मुलगी एका दुकानात, संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या वादात, गोळी लागून गेली.

२८ मार्च १९९१: के-डे बंद पडलं. स्टेशन विकलं गेलं आणि त्याच लहरीवर व्यापारविषयक बातम्या सुरू झाल्या.

२९ एप्रिल १९९२: किंगला मारणाऱ्या पोलिसांना ज्युरीने जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं. शहर पेटलं. ६० हून जास्त माणसं गेली, नुकसान अब्ज डॉलरच्या घरात.

बघा काय दिसतंय. ज्या महिन्यात शहराचा राग साठायला लागला, त्याच महिन्यात त्या पोरांचं स्टेशन गेलं. दंगल झाली तेव्हा के-डे नव्हतं. यातून 'स्टेशन असतं तर दंगल टळली असती' असा निष्कर्ष काढू नका. गाईडसमोर असं वाक्य टाकलंत तर पुढचा तास तुमचा नाही. तारखा जवळ आल्या म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. पण एक साधं विधान करता येतं: १९९२ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये रेडिओ लॉस सँटोससारखं स्टेशन चालू असल्याची जी कल्पना गेम करतो, तिचा मूळ नमुना त्या वेळी बंद पडून वर्ष झालं होतं. बंद पडलेल्या स्टेशनचा डीजे २००४ मध्ये स्टुडिओत बसून, ते बंद पडलंच नाही अशा जगात पुन्हा माइकसमोर येतो.

दफ्तर की बखर?

आपल्याकडे इतिहास शिकलेल्या माणसाला इथे एक जुनी चौकट आठवायला हवी. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती त्यांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. सभासद त्या काळातला माणूस. त्याने बरंच पाहिलेलं, ऐकलेलं. तरी बखर हे समकालीन पत्र नव्हे. राजवाड्यांपासून आपल्याकडच्या संशोधकांनी हा भेद पुन्हा पुन्हा सांगितला: दफ्तरातला कागद त्या दिवशीच्या गरजेतून लिहिलेला असतो, बखर आठवणीतून आणि कुणाच्या तरी आज्ञेवरून. बखरीतून काय घ्यायचं आणि काय दफ्तराशी ताडून बघायचं, यावर पिढ्यांनी डोकं खपवलंय.

रेडिओ लॉस सँटोस ही माझ्या मते बखर आहे. त्या काळात प्रत्यक्ष काम केलेला माणूस, बारा वर्षांनंतर, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून, ठरवून दिलेल्या गोष्टीत बसेल असं सांगतोय. आज्ञा देणारा दरबार इथे एक गेम कंपनी. लेखकांत मुख्य नाव डॅन हाउझर या ब्रिटिश माणसाचं, सोबत लॉस एंजेलिसचा संगीत निर्माता डीजे पू. नायकाला आणि त्याच्या टोळीतल्या एका मित्राला आवाज देणारे यंग मेले आणि एमसी एट हे तिथलेच रॅपर. म्हणजे आतली माणसं आहेत, पण कागद बाहेरच्यांचा.

एकदा बखर म्हटलं की पुढची कामं आपोआप ठरतात. ताडून बघायचं. चला, चार ठिकाणी ताडू.

पहिली ताडणी: तारखा

गेममध्ये रेडिओ पहिल्या दिवसापासून सगळी गाणी वाजवतो. कथेच्या शेवटाकडे टेनपेनी नावाचा भ्रष्ट पोलीस अधिकारी खटल्यातून सुटतो आणि लॉस सँटोसमध्ये दंगल उसळते. १९९२ च्या दंगलीचीच ही नक्कल.

आता गाण्यांची वर्षं लावा. ईझी-ईचं गाणं १९८८ चं, डी.ओ.सी.चं १९८९ चं. ठीक, जुनी गाणी वाजू शकतात. डॉ. ड्रे आणि स्नूप डॉगचं 'डीप कव्हर' एप्रिल १९९२ चं, तेही बसतं. पण आइस क्यूबचं 'इट वॉज अ गुड डे' ज्या अल्बममध्ये आहे, तो 'द प्रेडेटर' आला नोव्हेंबर १९९२ मध्ये. ड्रेचा 'द क्रॉनिक' डिसेंबर १९९२ मध्ये. आणि 'चेक यो सेल्फ'चं जे रीमिक्स गेममध्ये वाजतं, ते १९९३ चं.

कालविपर्यास सापडला म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. बहुतेक जण इथेच थांबतात. पुढचा प्रश्न विचारा: या चुकीने काय बदलतं? 'द प्रेडेटर' आणि 'द क्रॉनिक' हे दोन्ही अल्बम दंगलीनंतरचे आहेत, दोन्हींत दंगलीचे पडसाद आहेत. म्हणजे प्रत्यक्षात आधी दंगल, मग ही गाणी. गेममध्ये आधी ही गाणी, शेवटी दंगल. गेम खेळून मोठ्या झालेल्या माणसाच्या डोक्यात संगीत आणि हिंसा यांचा क्रम उलटा बसतो. त्या वेळी अमेरिकेत एक मोठा वाद चालू होता, की रॅपमुळे हिंसा होते का. त्या वादातल्या एका बाजूला हा उलटा क्रम आयता मिळतो. गेम बनवणाऱ्यांचा तसा हेतू होता असं मी म्हणत नाही. त्यांना चांगली गाणी हवी होती, तीही नावाजलेली. पण परिणाम परिणामच असतो.

दुसरी ताडणी: कायदा

रेडिओ लॉस सँटोसवर टूपॅकचं एक असं गाणं आहे, ज्याचं नावसुद्धा खऱ्या अमेरिकन रेडिओवर दिवसा उच्चारता आलं नसतं. तिथे प्रसारणातल्या अशोभनीय भाषेवर सरकारी आयोगाचं नियंत्रण आहे आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. त्यामुळे कंपन्या रेडिओसाठी गाण्यांच्या वेगळ्या, सोवळ्या आवृत्त्या काढत. शब्द गाळलेले, बदललेले, उलटे वाजवलेले. खऱ्या श्रोत्याने गाडीत ऐकली ती ही आवृत्ती. ओवळी आवृत्ती कॅसेटवर, मित्राच्या घरी.

हा भेद छोटा वाटेल, पण तुमचा विषय जर 'लोकांनी काय ऐकलं' हा असेल तर सगळा विषयच इथे आहे. गेममधल्या रेडिओने कॅसेट आणि रेडिओ एक करून टाकले. शिवाय मध्ये येणाऱ्या जाहिराती, क्लकिन बेलची कोंबडी किंवा अम्यु-नेशन नावाच्या बंदुकीच्या दुकानाची, या २००४ च्या लेखकांनी अमेरिकेवर केलेल्या टवाळीच्या आहेत. १९९२ च्या खऱ्या जाहिरातदारांबद्दल त्या काही सांगत नाहीत.

तिसरी ताडणी: कोण नाही?

साधनात काय आहे हे सगळे वाचतात. काय नाही ते वाचायला शिकावं लागतं.

रेडिओ लॉस सँटोसच्या गाण्यांच्या यादीत मुख्य गायिका म्हणून एकही बाई नाही. प्रत्यक्षात जे.जे. फॅड या मुलींच्या गटाचं 'सुपरसॉनिक' १९८८ मध्ये मोठं हिट झालं होतं, तेही एन.डब्ल्यू.ए.च्याच रूथलेस रेकॉर्ड्सकडून. यो-यो ही रॅपर तर १९९१ मध्ये आइस क्यूबच्या पाठबळाने स्वतःचा अल्बम घेऊन आली होती. दुसरं, दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये गुड लाइफ नावाचा एक कॅफे होता, सकस खाण्याचं दुकानच ते, तिथे दर आठवड्याला पोरं रॅप करायची आणि नियम होता की शिवी द्यायची नाही. फ्रीस्टाइल फेलोशिपसारखा गट तिथून आला. हे सगळं त्याच शहरातलं, त्याच वर्षांतलं. गेमला गोष्ट टोळ्यांची सांगायची होती, म्हणून त्या गोष्टीला शोभणारी गाणी निवडली. यात गैर काही नाही. गैर होतं ते आपण यादीला शहर समजलो की.

आणि सर्वांत मोठी उणीव दंगलीच्या दिवसांची. लॉस एंजेलिसमध्ये केजेएलएच नावाचं स्टेशन आहे. १९७९ पासून ते गायक स्टीव्ही वंडरच्या मालकीचं. एप्रिल १९९२ च्या अखेरीस दंगल पेटली तेव्हा या स्टेशनने गाणी बाजूला ठेवली आणि श्रोत्यांचे फोन प्रसारित करायला सुरुवात केली. लोक रडत होते, भांडत होते, कुठल्या रस्त्यावर काय चाललंय ते सांगत होते. त्या कामासाठी स्टेशनला पीबडी पुरस्कार मिळाला. गेममध्ये बाहेर आग लागलेली असते, लोक टीव्ही उचलून पळत असतात आणि गाडीत बसलं की रेडिओवर गाणी चालूच. ते तसं असणारच, कारण गेममधल्या रेडिओचं काम गाडी चालवताना सोबत करण्याचं आहे. पण खऱ्या संकटात त्या वस्तीच्या रेडिओने नेमकी गाणीच थांबवली होती. के-डेचा १९८६ चा शांततेचा कार्यक्रम आठवा, तोही फोनचाच. त्या वस्तीसाठी रेडिओ ही बोलण्याची जागा होती. गेमने ठेवली ती ऐकण्याची. त्या रेडिओचा जो भाग सगळ्यांत मोलाचा होता, तोच बखरीतून गळला.

चौथी ताडणी: पाठभेद

तुम्ही म्हणाल, निदान ही प्रत तरी पक्की आहे ना? तीही नाही. गेममधली खरी गाणी ठरावीक मुदतीच्या परवान्याने घेतलेली असतात. मुदत संपली की प्रश्न येतो. २०१४ मध्ये कॉम्प्युटरवरच्या 'सॅन अँड्रियास'चं अपडेट आलं आणि त्यात अनेक गाणी निघून गेली. रॉकच्या स्टेशनवरचं रेज अगेन्स्ट द मशीनचं गाणं त्यातलंच. ज्यांनी जुनी डिस्क जपली त्यांच्याकडे एक रेडिओ, ज्यांनी नंतर ऑनलाइन घेतला त्यांच्याकडे दुसरा.

एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती प्रतींमध्ये पाठ बदलत गेले म्हणून. इथे उलटं झालंय. पाठ लेखनिकाच्या चुकीने नाही तर करारामुळे गळतो, आणि कंपनी गळालेल्या प्रतीलाच चालू प्रत म्हणून विकते. म्हणून लिहिताना नुसतं गेमचं नाव देऊन भागत नाही. कुठल्या यंत्रावरची, कुठल्या वर्षाची, कुठल्या अपडेटनंतरची प्रत, हे लिहायचं. डिजिटल साधनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय आजच लावून घ्या.

मग ही बखर टाकून द्यायची?

नाही. प्रश्न बदलायचा. '१९९२ मध्ये लॉस एंजेलिसचा रेडिओ कसा होता?' या प्रश्नाला हे साधन कच्चं आहे. '२००४ मध्ये १९९२ कसं आठवलं जात होतं?' या प्रश्नाला ते अस्सल, समकालीन, पहिल्या दर्जाचं साधन आहे. बखर सुद्धा ज्या काळाबद्दल बोलते त्यापेक्षा ज्या काळात लिहिली गेली त्याबद्दल जास्त विश्वासाने सांगते.

या दुसऱ्या प्रश्नाला पुरावे भरभर सापडायला लागतात. के-डे हे नाव २००४ मध्येच लॉस एंजेलिसच्या एफएमवर, ९३.५ वर, परत आलं. गेम त्याच वर्षीचा. म्हणजे के-डे ऐकत मोठी झालेली पिढी आता तिशीत होती, खिशात पैसे होते आणि तिची आठवण विकत घेण्याजोगी झाली होती. पुढे २०१३ मध्ये याच मालिकेतला पाचवा गेम आला. त्यातही रेडिओ लॉस सँटोस आहे, पण त्यावर त्या वेळचं नवं हिप-हॉप वाजतं आणि निवेदक आहे बिग बॉय, तेव्हाच्या पॉवर १०६ या खऱ्या स्टेशनचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या रॅपची रवानगी झाली 'वेस्ट कोस्ट क्लासिक्स' नावाच्या वेगळ्या स्टेशनवर, निवेदक डीजे पू. एकाच काल्पनिक शहरात नऊ वर्षांत ते संगीत चालू बातमीतून 'क्लासिक'मध्ये गेलं. एखादी आठवण वारसा कधी बनते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण सहसा मिळत नाही.

तुमच्या टेबलावर

आता स्वतःच्या विषयाकडे या. हा गेम महाराष्ट्रातही भरपूर खेळला गेला, घरच्या कॉम्प्युटरवर आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून. कॉम्प्युटरच्या आवृत्तीत एक सोय होती: 'युजर ट्रॅक्स' नावाच्या फोल्डरमध्ये तुमची गाणी टाकली की ती गेमच्या रेडिओवर वाजायची. कॉम्प्टनच्या नकलेतून गाडी चालवणाऱ्या नगर-नाशिकच्या पोरांनी त्या फोल्डरमध्ये काय टाकलं होतं? हा खराखुरा संशोधन-प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं देणारी माणसं आज पस्तिशीच्या आसपास आहेत. भेटता येईल, विचारता येईल. त्यांच्या मुलाखतीसुद्धा बखरच असतील, वीस वर्षांनंतरच्या. पण आता तुम्हाला बखर कशी वाचायची ते माहितीये.

दुसरं. आपल्याकडचा रॅप रेडिओवरून आलाच नाही, तो यूट्यूबवरून आला. स्वदेसी या मुंबईच्या गटाने प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेलं, आरेच्या जंगलाबद्दलचं 'द वारली रिव्होल्ट' २०१९ चं. त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया, त्या वेळच्या पोस्ट, छोट्या कार्यक्रमांची पोस्टरं, हे आजचं दफ्तर आहे. कुठल्याही क्षणी खातं बंद होईल, लिंक मरेल, परवाना संपेल. या विषयावर काम करायचं असेल तर पहिला महिना वाचनात घालवू नका. उतरवून घ्या, तारीख टाका, कुठून घेतलं ते लिहा. के-डेच्या श्रोत्यांनी कॅसेटवर भरून ठेवलं म्हणून आज त्या स्टेशनबद्दल चार वाक्यं पुराव्यानिशी लिहिता येतात.

आणि सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक साधनापुढे एक ओळ जरूर घाला: हे कोणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून केलं आणि यात कोण नाही. मुलाखत घेणारे बाहेरचे परीक्षक बहुतेक वेळा याच ओळीवर बोट ठेवतात. उत्तर तयार असलं की बरं पडतं.